बिया तीनशे, कपाट एक

माझ्या शोधनिबंधाला, म्हणजे पेपरला, पहिला नकार चौथ्याच दिवशी आला. दोन वर्षांचं काम, कितीतरी वेळा बदललेला मसुदा, आणि उत्तरात संपादकांचं चार ओळींचं पत्र: काम व्यवस्थित दिसतं, पण आमच्या वाचकांच्या दृष्टीने विषय फार मर्यादित आहे, म्हणून समीक्षकांकडे न पाठवता परत करत आहोत. जर्नल, म्हणजे संशोधन छापणारं नियतकालिक, पेपर छापण्याआधी तो त्या विषयातल्या बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घेतं. ते समीक्षक आणि ही तपासणी म्हणजे पीअर रिव्ह्यू. त्याआधीच आलेल्या नकाराला डेस्क रिजेक्शन म्हणतात. पेपर संपादकांच्या टेबलावरूनच मागे फिरतो, बाहेरच्या कुणी तो पाहिलेलाही नसतो. तेव्हा मला ते फार लागलं होतं. आज वाटतं, त्या संपादकांनी माझे कितीतरी महिने वाचवले. एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे देता येतो. तिथेच तो अडकून पडला असता, तर तेवढा काळ मला तो दुसरीकडे पाठवता आला नसता.

प्रयोग साधा होता. काही रानगवतांच्या बिया स्थिर तापमानात कमी रुजतात आणि दिवस-रात्रीसारखं तापमान वर-खाली होत राहिलं की जास्त रुजतात. एका गवताच्या बाबतीत हे तपासायचं होतं. आमच्याकडे दोन इनक्युबेटर होते, म्हणजे आतलं तापमान राखणारी दोन कपाटं. एकात सतत २५ अंश सेल्सिअस, दुसऱ्यात बारा तास २० आणि बारा तास ३०, म्हणजे सरासरी दोन्हीकडे २५च. प्रत्येक कपाटात सहा पेट्री डिश, प्रत्येक डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ५० बिया. रोज सकाळी डिश काढायच्या, ज्यांचं मूळ बाहेर दिसतंय त्या बिया मोजून उचलायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. बदलत्या तापमानातल्या बिया उघडउघड जास्त रुजल्या. मी तीनशे बियांची तीनशे बियांशी तुलना केली. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, इतकी लहान आली की दशांश चिन्हापुढची शून्यं मोजावी लागली. मला वाटलं, आता यात कुणाला खोट काढता येणार नाही.

दुसऱ्या जर्नलच्या पोर्टलवर पेपर चढवण्यात अख्खा दिवस गेला. पत्र, सारांश, आकृत्या वेगळ्या फाइलमध्ये, लेखकांपैकी कुणी नेमकं काय केलं त्याचं निवेदन, मूळ आकडेवारी कुठे पाहता येईल त्याचं निवेदन, हितसंबंधांचं निवेदन. शिवाय संभाव्य समीक्षकांची चार नावं. ही नावं आपल्या संस्थेतली नकोत आणि अलीकडे ज्यांच्याबरोबर पेपर लिहिलाय त्यांचीही नकोत. संपादक ती घेतील याची खात्री नसते, पण विषय माहीत असलेली माणसं कुठे आहेत हे त्यांना त्यावरून कळतं. दोन दिवसांनी पेपर परत आला, कारण मी ओळींना क्रमांक दिले नव्हते. एवढ्याशा गोष्टीसाठी परत पाठवतात म्हणून तेव्हा वैताग आला होता. पुढे समीक्षेत ‘ओळ १४२’ असं वाचलं तेव्हा त्या क्रमांकांचं मोल कळलं.

मग पोर्टलवरची स्थिती बदलत गेली. आधी मजकुराचं इतर प्रकाशित लेखनाशी साम्य तपासणारं सॉफ्टवेअर चालतं, मग मुख्य संपादक पेपर चाळतात, मग विषयाच्या जवळच्या सहसंपादकाकडे तो जातो आणि तो सहसंपादक समीक्षक शोधू लागतो. हा शोध बाहेरून अजिबात दिसत नाही. या कामाला बहुतेक जर्नलं काही मानधन देत नाहीत. ज्यांना विचारलं जातं ते आपापल्या कामात बुडालेले असतात, बरेच जण नकार देतात, काही जण उत्तरच देत नाहीत. मी मात्र रोज सकाळी पोर्टल उघडून ‘अंडर रिव्ह्यू’ हे दोन शब्द वाचत होते आणि तिकडे कुणीतरी माझा पेपर वाचत बसलंय असं समजत होते. दरम्यान पेपरची प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर टाकून दिली. जीवशास्त्रासाठी ही सोय २०१३ पासून आहे. समीक्षेआधीचा मसुदा तिथे कुणालाही वाचता येतो.

चौदा आठवड्यांनी पत्र आलं. निर्णय: मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा. खाली तीन समीक्षा.

पहिली अर्ध्या पानाची. काम चांगलं, विषय महत्त्वाचा, दोन आकृत्यांच्या अक्षांवरची नावं नीट लिहा, स्वीकारावं. वाचून बरं वाटलं, पण हाती काहीच आलं नाही. तिसऱ्या समीक्षेत भाषेबद्दलच्या सूचना होत्या आणि पाच पेपरांची यादी होती. हे पेपर आपल्या संदर्भांत यायला हवेत, असं म्हटलं होतं. त्यातल्या चारांत एक लेखक समान होता आणि यादीतल्या दोन पेपरांचा माझ्या विषयाशी संबंध नव्हता. प्रकाशनातल्या नीतीचं काम पाहणाऱ्या ‘कोप’ या समितीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की केवळ स्वतःचे संदर्भ वाढावेत म्हणून समीक्षकाने आपले पेपर सुचवू नयेत. ही गोष्ट मला आजही खटकते. नवखा लेखक अशा वेळी मुकाट्याने पाचही संदर्भ घालतो, कारण निर्णय त्याच माणसाच्या मतावर अवलंबून आहे असं त्याला वाटत असतं. मी तीन घातले, दोन का घातले नाहीत ते उत्तरात लिहिलं, आणि संपादकांनी त्यावर एक अक्षरही विचारलं नाही.

दुसऱ्या समीक्षकाची तीन पानं होती. सुरुवातीला त्याने (किंवा तिने, ते मला कधीच कळणार नाही) माझा पेपर काय म्हणतो ते सहा ओळींत सांगितलं होतं. माझ्या स्वतःच्या सारांशापेक्षा तो सारांश नेमका होता. मग ओळीओळीने प्रश्न. त्यातला ओळ १४२ वरचा प्रश्न असा: ‘लेखकांनी प्रत्येक तापमानासाठी ३०० बिया स्वतंत्र धरल्या आहेत. पण एका तापमानाच्या सगळ्या बिया एकाच इनक्युबेटरमध्ये होत्या. दिसलेला फरक तापमानाचा आहे की त्या दोन कपाटांचा, हे या प्रयोगातून कसं ओळखायचं? कपाटांची अदलाबदल केली होती का?’

केली नव्हती.

आधी राग आला. असा प्रयोग करणारे आम्ही पहिले नव्हतो. एक कपाट, एक तापमान अशी रचना असलेले कितीतरी पेपर मी वाचले होते, त्यांतले काही माझ्या संदर्भांतही होते. मी तेच एक-दोन परिच्छेदांत लिहून मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, दाखवलं. त्यांनी वाचून कागद बाजूला ठेवला. “अगं, इतरांनी केलं हे उत्तर नाही झालं. त्यांनी विचारलंय ते तुला सांगता येतं का, एवढं बघ.” आणि मग त्यांनी आइनस्टाइनची गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती.

१९३६ साली आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका समीक्षकाकडे दिला आणि सविस्तर आक्षेप आले. आइनस्टाइन संतापले. आपण पेपर छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, अशा अर्थाचं पत्र त्यांनी लिहिलं आणि पेपर मागे घेतला. तो समीक्षक म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन, हे कितीतरी दशकांनी जर्नलच्या जुन्या नोंदींवरून पक्कं झालं. रॉबर्टसन प्रिन्स्टनमध्येच होते. आइनस्टाइनचे नवे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी बोलताना रॉबर्टसन यांनी तीच चूक समजावून दिली आणि इन्फेल्ड यांनी ती आइनस्टाइनच्या कानावर घातली. पुढे १९३७ मध्ये दुसऱ्या जर्नलमध्ये तो पेपर आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. मॅडमचा रोख शेवटच्या भागाकडे होता. आक्षेप तोच होता. कागदावर आला तेव्हा त्याचा राग आला, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाकडून आला तेव्हा तो पटला.

त्या रात्री मी प्रयोगाची वही काढली. बदलत्या तापमानाचं कपाट खिडकीकडच्या भिंतीला होतं, स्थिर तापमानाचं दाराकडे. दाराकडच्या कपाटातल्या डिश लवकर कोरड्या पडत होत्या. ‘आज पुन्हा पाणी घातलं’ अशी नोंद त्याच कपाटासाठी नऊ वेळा होती, दुसऱ्यासाठी दोन वेळा. हे मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि विश्लेषण करताना मला ते आठवलंही नव्हतं. बी कमी रुजली ती तापमान स्थिर होतं म्हणून, की ओल कमी पडली म्हणून? समीक्षकाला आमची खोली दिसत नव्हती. ओळ १४२ वाचून त्याने शंका काढली, आणि ती खरी असू शकते याचा पुरावा माझ्या वहीत पडून होता.

या चुकीला नाव आहे: स्यूडोरेप्लिकेशन. म्हणजे पुनरावृत्ती झाल्यासारखी दिसते, पण झालेली नसते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांची छाननी करून हा शब्द रूढ केला. उपचार ज्या एककाला दिला जातो ते एकक मोजायचं. मी तापमान कपाटाला दिलं होतं, बीला नाही. म्हणजे माझ्याकडे प्रत्येक तापमानाचा नमुना होता एकच. बिया तीनशे असोत की तीन हजार, कपाट एकच. ती शून्यांची रांग असलेली पी-व्हॅल्यू एवढंच सांगत होती की ही दोन कपाटं एकमेकांपेक्षा वेगळी आहेत.

संपादकांनी साठ दिवस दिले होते. मी मुदतवाढ मागितली. कारण सरळ लिहिलं, की प्रयोग पुन्हा करायचा आहे. एका दिवसात होकार आला. मुदतवाढ मागायला लोक फार बिचकतात असं मी पुढे पाहिलं आहे. तसं बिचकू नये. चांगल्या संपादकाला घाईत डागडुजी केलेला पेपर नको असतो.

मग प्रयोगाच्या सहा फेऱ्या केल्या. दर फेरीला कपाटांची तापमानं अदलाबदल. डिशच्या कडा पॅराफिल्मने, म्हणजे ताणून चिकटवायच्या मेणचट पट्टीने, बंद, म्हणजे दोन्हीकडे ओल सारखी राहील. कपाटातल्या डिशच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. विश्लेषणात मिक्स्ड मॉडेल, म्हणजे डिश, फेरी आणि कपाट या तिन्हींमुळे पडणारा फरक वेगळा धरणारी संख्याशास्त्रीय पद्धत. साडेचार महिने गेले. बदलत्या तापमानात बिया जास्त रुजतात हे टिकलं, पण फरक जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे आधीच्या पेपरमधला अर्धा परिणाम दाराकडच्या कपाटाचा होता. तो तसाच छापला गेला असता, तर त्यावर विसंबून कुणीतरी पुढचा प्रयोग आखला असता. हा विचार आजही मनात येतो तेव्हा अस्वस्थ वाटतं.

उत्तराचं पत्र पेपरइतकंच काळजीपूर्वक लिहावं लागतं. समीक्षकाचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, त्याखाली आपलं उत्तर आणि बदल कुठल्या ओळीत केला तो क्रमांक. ‘सूचनेबद्दल आभार, बदल केला आहे’ एवढ्याने भागत नाही. काय बदललं ते तिथेच दिसलं पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्याला दोन फाइलींमध्ये शोधाशोध करावी लागत नाही. ओळ १४२ च्या उत्तरात मी पाणी घातल्याच्या नोंदींसकट सगळं लिहिलं. सहलेखक म्हणाला, “एवढं कबूल करायची गरज आहे का?” मॅडम म्हणाल्या, “आहे.”

सगळं मान्य केलं असंही नाही. दुसऱ्या समीक्षकाची एक सूचना होती की न रुजलेल्या बिया जिवंत होत्या का, ते टेट्राझोलियम चाचणीने पाहावं. या चाचणीत जिवंत ऊतक लाल होतं. सूचना रास्त होती, पण पहिल्या प्रयोगातल्या बिया आम्ही टाकून दिल्या होत्या, आणि नव्या फेऱ्यांतल्या बियांना बुरशी लागल्यामुळे चाचणी विश्वासार्ह ठरली नसती. तसं लिहिलं आणि पेपरच्या मर्यादांच्या परिच्छेदात एक वाक्य घातलं. समीक्षेच्या दुसऱ्या फेरीत त्याचं उत्तर आलं: स्पष्टीकरण पटलं. समीक्षकाला नाही म्हणता येतं, फक्त कारण त्याला तपासता येईल असं द्यावं लागतं.

पेपर पहिल्यांदा पाठवल्यापासून तेरा महिन्यांनी स्वीकृतीचं पत्र आलं. आभारात ‘अनामिक समीक्षकांचे आभार’ असं लिहायची रीत आहे. मी त्याजागी लिहिलं की प्रयोगाची रचना एका अनामिक समीक्षकाच्या प्रश्नामुळे बदलली. तेवढंच माझ्या हातात होतं.

वर्षभराने मलाच एका जर्नलकडून समीक्षा करण्याचं निमंत्रण आलं आणि टेबलाची दुसरी बाजू दिसली. होकार देण्याआधी सारांश वाचून ठरवावं लागतं: हा विषय मला खरोखर कळतो का, लेखकांशी माझा काही संबंध आहे का, दिलेल्या तीन आठवड्यांत मला वेळ आहे का. हस्तलिखित गोपनीय असतं. ते कुणाला दाखवायचं नाही, आणि एआय चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही हेही आता अनेक प्रकाशकांच्या सूचनांत असतं. समीक्षेच्या पोर्टलवर दोन चौकोन असतात, एक लेखकांसाठी आणि एक फक्त संपादकांसाठी. लेखकांना गोड लिहून संपादकांना ‘नाकारा’ सांगायचं, असं त्या दुसऱ्या चौकोनाच्या आडून करता येतं. मी ठरवलं की तिथे फक्त दोन गोष्टी लिहायच्या: हितसंबंध, आणि पेपरमधला कुठला भाग तपासण्याइतकं ज्ञान मला नाही ते.

त्या पहिल्या समीक्षेला मला साडेतीन दिवस लागले. मी पद्धतींचा भाग ओळीओळीने तपासला, प्रयोगाचं एकक शोधलं, आकडे तक्त्यांशी जुळवले. एक मोठी उणीव सापडली म्हणून समाधानात होते. निर्णयानंतर अनेक जर्नलांचे संपादक सगळ्या समीक्षा सगळ्या समीक्षकांना पाठवतात. दुसऱ्याची समीक्षा उघडली, तर त्याने दाखवलेली चूक माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती: एका आकृतीतल्या त्रुटीपट्ट्या, म्हणजे आकडा किती अनिश्चित आहे ते दाखवणाऱ्या उभ्या रेघा, मजकुरात सांगितलेल्या नमुनासंख्येशी जुळत नव्हत्या. मी ती आकृती दोनदा पाहिली होती.

हे माझ्या एकटीचं नाही. १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास आला. ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय जर्नलच्या समीक्षकांकडे एक पेपर पाठवला होता, त्यात आठ उणिवा मुद्दाम पेरलेल्या होत्या. उत्तर दिलेल्या २२१ जणांनी सरासरी दोनच पकडल्या. समीक्षकाचं नाव उघड ठेवलं काय किंवा लेखकाचं नाव झाकलं काय, फारसा फरक पडला नाही. पीअर रिव्ह्यू म्हणजे शिक्कामोर्तब असं बाहेरच्या जगात समजतात. प्रत्यक्षात ती दोन-तीन थकलेल्या माणसांची नजर असते आणि प्रत्येकाची नजर वेगळ्या ठिकाणी थांबते. हे पहिल्यापासून असंच आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत १८३२ च्या सुमारास पेपरवर लेखी अहवाल मागवायला सुरुवात झाली, तेव्हा जॉर्ज एअरी यांचा ग्रहगतीवरचा पेपर विल्यम व्ह्यूएल आणि जॉन लबक या दोघांकडे गेला. व्ह्यूएलना कामाचं मोठं चित्र मांडायचं होतं, लबकना समीकरणांतल्या चुका दाखवायच्या होत्या. दोघांचं जुळेना. माझ्या पत्रातला पहिला समीक्षक आणि दुसरा समीक्षक मला त्या जोडीत दिसतात. मला दुसरा हवा असतो. पण पहिल्याने निदान हे सांगितलं होतं की प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि ते ऐकल्याशिवाय साडेचार महिने पुन्हा बिया मोजायला मी बसले असते का, याची मला खात्री नाही.

समीक्षा छापल्या जाव्यात असं मला ठामपणे वाटतं. जीवशास्त्रातलं ‘एम्बो जर्नल’ २००९ पासून पेपरसोबत त्या देत आलं आहे, आणि जून २०२५ पासून ‘नेचर’नेही नव्याने येणाऱ्या पेपरांसाठी तसं ठरवलं आहे. समीक्षकाचं नाव त्याच्या इच्छेशिवाय येत नाही, पण त्याने काय विचारलं आणि लेखकाने काय उत्तर दिलं हे कुणालाही वाचता येतं. माझ्या पेपरची ती तीन पानं छापली गेली नाहीत. ती माझ्या संगणकात आहेत. प्रयोग आखायला बसलेल्या विद्यार्थ्यांना माझ्या पेपरपेक्षा त्यांचा जास्त उपयोग झाला असता.

सध्या माझ्याकडे एक हस्तलिखित आहे, माशांच्या वाढीवरचं. चार टाक्या, दोन प्रकारचं खाद्य, प्रत्येक टाकीत चाळीस मासे, आणि तक्त्यात दर खाद्यामागे नमुनासंख्या ऐंशी. लेखकांनी काम जीव ओतून केलंय हे प्रत्येक परिच्छेदात दिसतं. मी आधी त्यांचा पेपर काय म्हणतो ते सहा ओळींत लिहिलं. मग ओळ ९७ वर आले आणि विचारलं: कुठलं खाद्य कुठल्या टाकीला, हे कसं ठरवलं होतं?